पंडिता रमाबाई : धर्म बदलला, पण बुद्धी गहाण टाकली नाही



रमाबाई हे नाव घेतले की आपल्याला माता रमाईंची आठवण होते. आज सांगतो ती हकीकत दुसऱ्या रमाबाईंची. त्या ब्राह्मण कुळात जन्मल्या आणि पुढे ख्रिस्ती झाल्या. त्यांचा मार्ग आपला नव्हे. तरीही नवदीक्षित घरांनी त्यांचे चरित्र समजून घ्यावे, कारण जुना धर्म सोडल्यावर पुढे कसे वागायचे, हा प्रश्न त्यांच्याही पुढे होता.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सनातन्यांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले होते. आईने ती विद्या मुलीला दिली. पुढे दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. रमाबाई भावाबरोबर पायी देश हिंडत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली. पण शास्त्रे वाचता वाचता त्यांना एक गोष्ट कळून चुकली. इतर बाबतींत ग्रंथांचे आपसात कितीही मतभेद असोत, स्त्री आणि शूद्र यांना हीन लेखण्यात त्यांचे एकमत आहे! 1880 मध्ये त्यांनी शूद्र गणल्या गेलेल्या बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. दोन वर्षांच्या आतच पती वारले आणि कडेवर तान्ही मनोरमा राहिली.

1882 मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापून त्या 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात मोठी ओरड झाली. महात्मा जोतीराव फुले मात्र 1885 मध्ये आपल्या सत्सार या पत्रिकेतून त्यांच्या बाजूने उभे राहिले.

वाचकहो, यापुढचा भाग नीट ध्यानात घ्या. नव्या धर्माच्या अधिकाऱ्यांनाही ही बाई सहजासहजी मानेना. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. पुरुषांना शिकवू नये, असे बिशपांचे मत पडले, तेव्हा त्यांनी कारण विचारले. शाकाहार सोडला नाही. एका पुरोहिताच्या जोखडातून मान सोडवून ती दुसऱ्याच्या जोखडात द्यायची त्यांची तयारी नव्हती.

1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तिथे सरकारचा असा एक धर्म नाही आणि प्रत्येक पंथ आपल्या लोकांच्या वर्गणीवर चालतो, हे त्यांनी पाहिले. काळ्या लोकांवरचा अन्यायही त्यांनी आपल्या प्रवासग्रंथात लपवला नाही. बोस्टनच्या मंडळाने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. त्या बळावर 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला गेले. मात्र हे सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. 1893 मध्ये मुली ख्रिस्ती होतात असा गवगवा झाला, सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि अनेक मुलींना घरी नेण्यात आले.

खरे दार उघडले ते दुष्काळाने. 1896-97 मध्ये रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली व विधवा आणल्या. पुण्याजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आता जात विचारून आत घेणे उरले नव्हते. शेती, विणकाम, छपाई, शिकवणे, आजाऱ्यांची शुश्रूषा ही सारी कामे बायकाच करीत. अंध मुलींनाही शिक्षण मिळे.

अमेरिकेत धर्माच्या पायावर अशा वसाहती पूर्वी झाल्या होत्या. 1774 मध्ये इंग्लंडहून तिथे गेलेल्या अॅन ली या बाईच्या शेकर पंथाने सामाईक मालमत्तेची गावे वसवली आणि स्त्रियांना कारभारात बरोबरीचे स्थान दिले. पण त्यांत लग्न वर्ज्य होते, त्यामुळे ती गावे ओस पडत गेली. केडगावची संस्था मात्र आजही चालू आहे.

एक प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. केडगावची उपासना ख्रिस्ती होती. भुकेने आश्रयाला आलेल्या मुलीला धर्म निवडायची मोकळीक कितपत असेल? जी मोकळीक रमाबाईंनी स्वतःसाठी भांडून मिळवली, ती प्रत्येकीच्या वाट्याला आली असेल काय?

शेवटची अनेक वर्षे रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. 1921 मध्ये मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

आपल्या कामण-वसई भागात शेजारी ख्रिस्ती घरे आहेत. त्यांच्या धर्मांतराला शतके लोटली. आपली धम्मदीक्षा 1956 ची. म्हणून स्वतःच्या घरात विचारून पाहा : दीक्षा घरच्या कर्त्याने घेतली आणि बाकीच्यांनी नुसती मान हलवली, असे तर झाले नाही ना? पत्नीला बावीस प्रतिज्ञांचा अर्थ सांगितला काय? मुलीने प्रश्न विचारला तर तिला गप्प बसवता काय? ऐकीव गोष्ट पारखून घ्या, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. तो उपदेश आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला पाहिजे. मुलीच्या हाती पुस्तक द्या, एखादे हुन्नर द्या, आणि तिला विचारू द्या. असे झाले तरच घर बौद्ध झाले म्हणता येईल.