भोपळ्यावर शस्त्र चालवायला शिकविणारे सुश्रुताचार्य

परभणीतून १९९९ मध्ये वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रुग्णाला हात लावण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रतिकृतींवर सराव करावा, ही आजच्या वैद्यकीय शिक्षणातील अपेक्षा आहे. ती नवी वाटली, तरी सुश्रुताचार्यांनी तिचा आग्रह फार पूर्वीच धरला होता.

त्यांच्या जीवनाविषयी ठोस माहिती फारच थोडी. काळाबाबत अभ्यासकांत एकमत नाही. संहितेतही पुढे अनेकांनी भर घातली. ही संहिता त्यांना विश्वामित्राचे पुत्र मानते. औपधेनव, वैतरण आदी सहाध्यायींसह ते काशिराज दिवोदास धन्वंतरींकडे शल्यविद्या शिकण्यास गेले. सर्वांच्या वतीने प्रश्न विचारण्याचा मान सुश्रुतांना मिळाला.

सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात सरावाचे साहित्य दिले आहे, आणि ते थेट मंडईतून आणल्यासारखे आहे. छेद घेण्यासाठी कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी. भेदनासाठी चिखलाने भरलेली कातडी पिशवी. शीर वेधण्यासाठी मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. रुतलेले शल्य उपसण्यासाठी फणस व बेलफळाचा गर, टाके घालण्यासाठी कापड व मऊ कातडे. पट्ट्या बांधायच्या त्या माणसाच्या आकाराच्या बाहुल्याच्या अवयवांवर. सारी शास्त्रे मुखोद्गत असली, तरी हा सराव न केलेला शिष्य शस्त्रकर्मास अपात्रच. केवळ ग्रंथ जाणणारा किंवा केवळ हात चालविणारा वैद्य त्यांना एका पंखाच्या पक्ष्यासारखा वाटे. अभ्यास, गुरूचे काम पाहणे, स्वतःचा सराव आणि अखेर राजाची अनुज्ञा. त्यानंतरच शिष्याने व्यवसायात उतरायचे. अडाणी वैद्य राज्यात फोफावला, तर दोष राजाचा, असेही संहिता बजावते.

शरीररचना मात्र मृतदेहावरच शिकायची. गवतात गुंडाळलेला देह पिंजऱ्यात घालून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवायचा आणि नंतर कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर पाहायचा.

नाक नव्याने बसविताना सुश्रुत झाडाच्या पानाने माप घेऊन गालाची त्वचा वापरीत. ही विद्या पुढे कारागिरांच्या हाती टिकली. टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने नवे नाक दिले. त्याने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकावर बसवून नमुना तयार केला आणि तो कपाळावर आखून त्वचा उचलली. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनने १७९४ मध्ये ही हकिकत छापली. जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये याच पद्धतीने लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली.