शेजाऱ्याची पाटी

महात्मा गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजीं पोरबंदर येथें झाला. ३० जानेवारी १९४८ रोजीं त्यांची हत्या झाली. राजकोटच्या हायस्कुलांत पहिल्याच वर्षीं जाइल्स नांवाच्या इन्स्पेक्टरांनीं वर्गास पांच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. मोहनदासांचा 'केटल' हा शब्द चुकला. शिक्षकांनीं बुटाचें टोंक लावून शेजाऱ्याची पाटी पाहण्याची खूण केली. परंतु शिक्षक नक्कल करावयास सांगतील, हें त्या मुलाच्या ध्यानींही आलें नाहीं. सर्वांचे शब्द बरोबर, चुकले एकटे मोहनदास! तरी गुरुजींविषयींचा त्यांचा आदर उणा झाला नाहीं. विद्यार्थिमित्रहो, सोबत्यानें नकलेसाठीं वही मागितल्यास ती देऊं नये. गणित समजावून द्यावें, पण मनांत तुच्छता धरूं नये, असें आम्हांस वाटतें.