पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर : गाण्याची शाळा उभी करणारा गवई



तुमच्या गावात एखादं भजनी मंडळ असेलच. तुळजापूरच्या बाजूला राहत असाल तर संबळ वाजवणारे गोंधळी आणि आराध्यांचे मेळे तुम्ही लहानपणापासून पाहिले असतील. या कलाकारांना पैसे कसे मिळतात याचा कधी विचार केलाय का? कुणी सुपारी देतं, कुणी कार्यक्रम संपल्यावर बिदागी देतं, तर कुणी नुसता नारळ आणि टोपी-टॉवेल देऊन मोकळं होतं. रक्कम बहुतेक वेळा देणाऱ्याच्या मर्जीवर ठरते. मोठमोठ्या शास्त्रीय गायकांचंही एके काळी असंच होतं. फरक इतकाच की तिथे देणारा राजा असायचा. ही रीत मोडून लोकांच्या फीवर आणि तिकिटावर गाण्याची संस्था चालवून दाखवणारा माणूस म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांचं गाणं किती मोठं होतं हे तुम्ही इतर ठिकाणी वाचाल. आज आपण त्यांच्याकडे संस्था चालवणारा माणूस म्हणून पाहूया.

त्यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. घराणं मूळचं गाडगीळ, पण पलूस गावावरून त्यांना पलुस्कर म्हणू लागले. लहानपणी फटाका तोंडाजवळ फुटला आणि विष्णूचे डोळे अधू झाले. पुस्तकी शिक्षण पुढे चालू शकेना. मग मिरजेला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणं शिकायला पाठवलं. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवणारे ते हेच बाळकृष्णबुवा. मिरज संस्थानच्या राजांचा आश्रय होता, त्यामुळे खाण्यापिण्याची चिंता नव्हती. तालीम मात्र कडक होती.

इथली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. मिरजेत एक समारंभ होता. राजाश्रय असल्यामुळे तरुण विष्णूला त्याचं निमंत्रण आलं, पण गुरुजींना आलं नाही. का, तर ते एक गवई! गाणं ऐकायला सगळ्यांना आवडतं, पण गाणाऱ्याला पंगतीत बसवायचं नाही, अशी तेव्हाची समजूत. हे त्यांच्या मनाला फार लागलं म्हणतात. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. हातात नोकरी नाही, पाठीशी संस्थान नाही, सोबत दोन-चार माणसं, आणि निघाले.

बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब असा त्यांचा प्रवास झाला. सौराष्ट्रात त्यांनी एक धाडस केलं. राजवाड्यात किंवा देवळात न गाता जाहीर मैफल ठेवली आणि तिला थोडक्या पैशांचं तिकीट लावलं. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. नाटकाला तर तेव्हाही तिकीट होतंच, विष्णुदास भाव्यांपासून मराठी नाटक मंडळ्या त्यावरच जगत होत्या. पण ख्यालगायकाने तिकीट लावून बसणं ही नवीन गोष्ट होती. बघा, यात काय बदललं? बिदागी देणारा उपकार करतो. तिकीट काढणारा मात्र उपकार करत नाही, तो आपल्याला हवी ती गोष्ट विकत घेतो. गवयाची मान तिथे खाली जात नाही. पैसे थोडे का असेनात, कुणापुढे हात पसरायचे नाहीत!

5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. मराठी माणूस, गाव लाहोर, भाषा वेगळी, ओळखीपाळखी नाही. सुरुवातीला दिवसचे दिवस कुणी शिकायला आलंच नाही आणि बुवा ठरलेल्या वेळी तंबोरा घेऊन एकटेच रियाज करत बसायचे, असं सांगतात. हळूहळू लोक येऊ लागले. लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांची फी आणि बुवांच्या मैफली यावर शाळा उभी राहिली. कुठल्याही राजाच्या खजिन्यावर नाही.

आता शाळा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? घंटा, वर्ग, हजेरी, अभ्यासक्रम, परीक्षा. गाण्यात यातलं काहीच नव्हतं. गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, गुरूची मर्जी लागेल तेव्हा दोन ताना पदरात पडणार. बुवांनी सगळं वेळापत्रकात बसवलं. ठरावीक वेळ, ठरावीक वर्ग, ठरावीक वर्षांत ठरावीक राग, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. फी भरणाऱ्या बापाला समजलं पाहिजे ना की मुलगा यंदा काय शिकला! स्वर कागदावर लिहिता यावेत म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. संगीत बालप्रकाश, रागप्रवेश अशी पुस्तकं काढली. ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचं मासिक चालवलं. ही छपाई बाहेर देण्याऐवजी संस्थेचा स्वतःचा छापखाना केला. वाद्यं दुरुस्त करण्याचीही सोय संस्थेतच केली. एका शिक्षक म्हणून मला हे सगळ्यात जास्त आवडतं. गाणं शिकवायचं तर खडू, फळा, पुस्तक आणि चांगली लागलेली पेटी आधी हवी, हे त्यांना नीट कळलं होतं.

घराघरांतून मुलं, आणि मुलीसुद्धा, शिकायला याव्यात म्हणून बंदिशींमधले शृंगारिक शब्द काढून तिथे भक्तीचे शब्द घातले. तुळशीदास, सूरदास, मीरा यांची पदं शिकवली. त्यामुळे मध्यमवर्गातले आईबाप निर्धास्त झाले. अभ्यासक याची दुसरी बाजूही सांगतात, तीही माहीत असू द्या. ज्यांनी पिढ्यानपिढ्या हे गाणं सांभाळलं ते मुसलमान उस्ताद आणि कोठ्यावर गाणाऱ्या स्त्रिया या नव्या शाळेच्या जगात कडेला पडल्या. गवयाला मान मिळाला, पण सगळ्याच गाणाऱ्यांना नाही.

बुवांची सर्वांत वेगळी योजना म्हणजे उपदेशक वर्ग. हुशार पण गरीब मुलांकडून नऊ वर्षांचा करार लिहून घ्यायचा. त्या काळात जेवणखाण, राहणं आणि शिक्षण संस्थेकडून. बदल्यात त्यांनी पूर्ण शिकून पुढे इतरांना शिकवायचं. मिरजेचे विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर अशी नावाजलेली मंडळी बुवांच्या हाताखाली घडली. शाळेतून निघालेला प्रत्येक जण मोठा गवई होणार नाही हे बुवांना पक्कं ठाऊक होतं. त्याची त्यांना फिकीरही नव्हती. जाणतेपणाने ऐकणारे लोक वाढले तरी गाणं जगेल, असा त्यांचा हिशेब होता.

1908 मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू झालं आणि बुवांचा मुक्काम तिकडे हलला. इथे विद्यार्थी भरपूर मिळाले, जागा पुरेना. मग त्यांनी कर्ज काढून संस्थेची मोठी इमारत आणि वसतिगृह बांधलं.

इथे जरा थांबूया. तुमच्या मंडळानेही कधी उसनवारी करून साउंड सिस्टिम घेतली असेल, म्हणून हा हिशेब समजून घ्या. फीमधून रोजचा खर्च कसाबसा निघतो. उपदेशक वर्गातली मुलं फी देत नाहीत, उलट त्यांच्या जेवणाचा खर्च वर. मग हप्ता आणि व्याज कुठून द्यायचं? बुवांच्या मैफलींतून. म्हणजे ते गावोगाव दौरे करणार, गाणार, पैसे आणणार आणि कर्ज फेडणार. अख्ख्या इमारतीचा भार एका माणसाच्या गळ्यावर! घसा बसला, दौरा रद्द झाला, माणूस आजारी पडला की हप्ता चुकलाच. शिवाय याच काळात बुवांचं मन रामभक्तीकडे जास्त वळलं होतं. ते रामायणावर प्रवचनं करू लागले होते. कमाईकडे लक्ष कमी आणि व्याज मात्र चालूच.

1924 मध्ये बुवा दौऱ्यावर असतानाच घेणेकऱ्यांनी मालमत्ता ताब्यात घेतली आणि लिलाव झाला. त्यात शाळाही गेली. ज्या माणसाने राजाची मर्जी नको म्हणून मिरज सोडली, त्याची संस्था सावकाराच्या हाती गेली. त्यांनी बांधलं ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. दोनशे लेकरं दारात उभी असताना जागा नाही म्हणणं कुठल्या शिक्षकाला जमेल? पण मैफलींखेरीज दुसरा पक्का आधार हाताशी येईपर्यंत भाड्याच्या जागेत राहिले असते तर, असं मात्र वाटत राहतं. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांचंही असंच झालं. घरं भरून प्रयोग होत आणि तरी कंपनी कर्जात.

त्यानंतर बुवा नाशिकला त्यांच्या रामनाम आधार आश्रमात राहिले. तिथेही काही शिष्यांना शिकवत होते. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. मुलगा दत्तात्रेय तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. हाच पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून गाजला. 1952 च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटातली उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबरची त्याची जुगलबंदी तुम्ही मोबाइलवर शोधून जरूर ऐका.

आणि शाळेचं काय झालं? इमारत लिलावात गेली, पण नऊ नऊ वर्षं शिकवून तयार केलेली माणसं कुणाला लिलावात काढता येत नव्हती. बुवा गेले त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादला जमून गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. 1932 मध्ये विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. बा. र. देवधरांची मुंबईतली संगीतशाळा तर त्याआधीपासूनच चालू होती. तुमच्या ओळखीतलं कुणी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा किंवा विशारदची तयारी करत असेल तर त्याच्या प्रवेशपत्रावर वरच्या बाजूला कोणाचं नाव छापलंय ते एकदा बघा. बहुतेक ते अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचंच असेल.