बुकबाइंडरकडचा उमेदवार – मायकेल फॅरडे



हिवाळ्यात राहात्याची हवा कोरडी पडली की, रात्री स्वेटर काढताना तडतड आवाज होतो व अंधारात बारीक ठिणग्या दिसतात, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. नगर-मनमाड रस्त्याने जाणाऱ्या पेट्रोलच्या टँकरखाली लोंबणारी साखळीही तुम्ही पाहिली असेल. घर्षणाने टाकीवर साचलेली वीज जमिनीत उतरावी व ठिणगी पडून अनर्थ होऊ नये, म्हणून ती असते. या स्थितिक विजेचे मर्म ज्यांनी उलगडले, त्या मायकेल फॅरडे यांचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार, तेही सदा आजारी. घरात भाकरीची वानवा. लिहिणे, वाचणे व थोडे हिशेब, एवढेच शिक्षण त्यांना मिळाले. तेराव्या वर्षी मायकेल जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोहोचविण्याच्या कामाला लागला आणि १८०५ पासून सात वर्षे त्याने तेथेच पुस्तकबांधणीची उमेदवारी केली.

बांधावयास आलेली पुस्तके मायकेल वाचीत असे. विश्वकोशातील विजेवरचा लेख वाचून त्याने टाकाऊ वस्तूंतून घर्षणाने वीज निर्माण करणारे छोटे यंत्र बनविले. मालक रागावला नाही. थोरल्या भावाने विज्ञानाच्या व्याख्यानांसाठी एकेक शिलिंग दिला. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाईकाने सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने त्यांची टिपणे सुवाच्य अक्षरात लिहून, स्वतः बांधून डेव्हींना पाठविली. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत तो मदतनीस झाला. पुढे युरोपच्या प्रवासात डेव्हींच्या पत्नीने त्याला नोकरासारखे वागविले. त्याने तेही सोसले, पण विद्या सोडली नाही.

१८३१ मध्ये चुंबकापासून वीज निर्माण करण्याचा फॅरडे यांचा शोध जगप्रसिद्ध झाला. जनित्राचे तत्त्व ते हेच. १८३६ मध्ये त्यांनी बारा फुटांचा एक पिंजरा उभारला व त्यावर धातूचे आवरण चढविले. प्रबळ यंत्राने त्यावर वीज भरली. बाहेरून ठिणग्या उडत असता फॅरडे स्वतः आत जाऊन बसले. सोबत पेटत्या मेणबत्त्या व वीज ओळखणारी उपकरणे होती. आत विजेचा मागमूस नव्हता! प्रभार वाहकाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच राहतो, हे सिद्ध झाले. म्हणूनच विजा कडाडत असताना झाडाखाली उभे राहणे घातक, तर काचा बंद केलेल्या पत्र्याच्या मोटारीत बसणे पुष्कळ सुरक्षित.

एक प्रभार दुसऱ्याला दुरून कसा ओढतो? फॅरडे यांनी सांगितले की, मधली जागा रिकामी नसते, ती बलरेषांनी व्यापलेली असते. आज आपण त्याला विद्युत क्षेत्र म्हणतो. त्यांना उच्च गणित येत नव्हते, म्हणून अनेक विद्वानांनी या कल्पनेकडे दुर्लक्ष केले. पुढे मॅक्सवेल यांनी तिला गणिताचे रूप दिले. रेडिओपासून मोबाइलपर्यंत सारे त्याच पायावर उभे आहे. विद्युतधारकतेच्या एककाला फॅरडे यांच्याच नावावरून फॅरड म्हणतात.

त्यांनी सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते निवर्तले.

वाचकहो, या चरित्रावरून शाळेवाचूनही मोठे होता येते, असा अर्थ कृपया काढू नका. शाळा सुटलेली लाखो मुले त्या काळीही होती, पण फॅरडे एकच झाला. त्याला वाचू देणारा मालक, शिलिंग देणारा भाऊ व तिकिटे देणारा गिऱ्हाईक भेटला. त्यांतला एक जरी नसता, तर तो जन्मभर पुस्तकेच बांधीत राहिला असता.

आपल्याही गावात शाळा सोडून गॅरेजमध्ये वा टेलरच्या दुकानात बसलेली मुले आहेत. १७ नंबरचा फॉर्म भरून त्यांना दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देता येते. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मायकेलसारखी वही ठेवा. आणि पालकहो, आपण त्या मुलाचा रिबो व्हा. अशा एका मुलाला रोज एक तास आणि एक पुस्तक द्या, एवढीच या शिक्षकाची विनंती.