विश्लेषण : ‘अफगाण स्नो’ बनवणारे भायखळ्याचे पाटणवाला कोण होते? राजाने क्रीमला नाव दिल्याची गोष्ट कितपत खरी?

लग्नाकार्याला निघायचे तर आधी ‘स्नो-पावडर’ व्हायची. आजीच्या पिढीतला हा शब्द आता मागे पडला असला, तरी बऱ्याच घरांत तो अजून कळतो. त्यातला स्नो म्हणजे निळ्या काचेच्या बाटलीतले पांढरे क्रीम, अफगाण स्नो. नाव अफगाणिस्तानचे, बाटली जर्मनीची, लेबल जपानमध्ये छापलेले आणि कारखाना मात्र मुंबईत भायखळ्याला. मालक इब्राहिम सुलतानअली पाटणवाला.

समाजमाध्यमांवर त्यांची गोष्ट अधूनमधून फिरते. अफगाणिस्तानच्या राजाने क्रीमचे बारसे केले, एवढ्यावर ती बहुधा संपते. तारखा लावून पाहिल्या तर ही गोष्ट डळमळते. पाटणवालांच्या धंद्याला खरी कलाटणी मिळाली ती एका स्विस सुगंध-व्यावसायिकाशी झालेल्या ओळखीने, आणि तिच्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

अत्तराच्या दुकानापासून सुरुवात

राजस्थानातील झालरापाटण हे त्यांचे मूळ गाव. त्या पाटणवरूनच पाटणवाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मुंबईत आले. हाताशी भांडवल नव्हते. एका सुगंध-व्यापाऱ्याकडे नोकरी मिळाली आणि ते तिथेच या धंद्यात मुरले.

त्या काळात सुगंधाच्या व्यापारात दोन जगे शेजारी शेजारी नांदत होती. एक कनौजचे. तिथे तांब्याच्या डेगमध्ये फुले उकळायची, वाफ नळीतून भपक्यात न्यायची आणि तिथल्या चंदनतेलात ती मुरवायची. दुसरे जग युरोपातल्या प्रयोगशाळांचे. १८६८ मध्ये कुमारिन, १८७४ मध्ये व्हॅनिलिन आणि १८९३ मध्ये व्हायोलेटच्या फुलाचा वास देणारे आयोनोन कृत्रिमरीत्या तयार झाले होते. फुलांचा हंगाम नसला तरी वास मिळू लागला, तोही दर खेपेला सारखा आणि बराच स्वस्त. मुंबई बंदरात असा माल उतरत होता. अत्तराची पारख आणि या नव्या द्रव्यांची ओळख, दोन्ही असणारा माणूस इथे काही नवे करू शकत होता.

पाटणवालांनी नोकरी सोडून स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली. पहिले गाजलेले उत्पादन केसांचे सुगंधी तेल होते, नाव ‘ओटो दुनिया’. यातला ओटो म्हणजे अत्तर. त्या काळच्या इंग्रजीत अत्तराला ओटो म्हणत. आज हे नाव वाचून रिक्षाच आठवेल!

आधी तेलच का?

कोलकात्यात हेमेंद्रमोहन बोस यांनीही ‘कुंतलीन’ या केशतेलावरच नाव कमावले होते. याचे कारण साधे आहे. सुगंधी द्रव्ये तेलात सहज विरघळतात. चांगले तेल, चांगला वास आणि घट्ट बूच एवढे जमले की माल तयार. यंत्रसामग्री फारशी लागत नाही. शिवाय तेल हे रोजच्या वापरातले, त्यामुळे गिऱ्हाईक महिन्या-दोन महिन्यांनी परत येते.

क्रीमचे तसे नाही. तेल आणि पाणी एकत्र नांदवायचे असते. स्नो प्रकारच्या क्रीममध्ये स्टिअरिक आम्ल हा मेणासारखा पदार्थ वितळवतात, त्यात पोटॅशचे गरम द्रावण घालून घोटतात. आम्लाच्या थोड्या भागाचा साबण होतो आणि हाच साबण उरलेले आम्ल पाण्यात बारीक कणांच्या रूपात धरून ठेवतो. ग्लिसरीनमुळे ते सुकत नाही. चेहऱ्यावर चोळले की पाणी उडून जाते आणि न दिसणारा पातळ थर उरतो, म्हणून याला ‘व्हॅनिशिंग’ क्रीम असेही म्हणतात. पोटॅश कमी पडले तर पाणी सुटते, जास्त झाले तर त्वचा चुरचुरते.

खरी पंचाईत वासाची. तेलात छान टिकणारे द्रव्य अल्कलीशी गाठ पडल्यावर बिघडू शकते. व्हॅनिलिन किंवा चमेलीच्या वासातले इंडोल अशा मिश्रणात काही दिवसांत पिवळे-तपकिरी पडते. बर्फासारखे पांढरे म्हणून विकायचे क्रीम बाटलीत तपकिरी झाले, तर दुकानदार दुसऱ्यांदा माल ठेवणार नाही. त्यात वितळलेल्या स्टिअरिक आम्लाला मेणबत्तीसारखा वास असतो, तोही झाकावा लागतो. म्हणजे अत्तरवाल्याच्या नाकाला रसायनशास्त्राची जोड हवीच.

स्वित्झर्लंडमधली ओळख

ही जोड मिळवायला पाटणवाला युरोपात गेले. स्वित्झर्लंडमध्ये त्यांची गाठ लिओन जिवोदाँ यांच्याशी पडली. लिओन आणि झेवियर या भावांनी १८९५ मध्ये झुरिकला सुगंधी रसायनांचा व्यवसाय सुरू केला आणि १८९८ मध्ये तो जिनिव्हाजवळच्या व्हर्निए इथे हलवला. जिवोदाँ ही आज जगातली सर्वांत मोठी सुगंध कंपनी आहे. पाटणवाला आणि लिओन यांची दोस्ती जमली आणि सौंदर्यप्रसाधने बनवण्याचे मार्गदर्शन घेऊन पाटणवाला परतले. भायखळ्याला कारखाना उभा राहिला.

एवढ्या मोठ्या उत्पादकाने मुंबईच्या एका लहान व्यापाऱ्याला हात का द्यावा? मैत्री होतीच, पण या धंद्याची रचनाही तशी आहे. सुगंध बनवणारी कंपनी ग्राहकाला बहुधा दिसत नाही. ती साबणवाल्याला, क्रीमवाल्याला वास विकते आणि त्याच्या मालात तो वास टिकेल अशी सोयही करून देते. क्रीमवाला वाढला की तिची विक्री वाढते. आजही आपल्या न्हाणीघरातल्या बहुतेक वस्तूंचा वास वेगळ्याच कंपनीतून आलेला असतो. पाटणवालांना युरोपातून भागीदार किंवा उसना ब्रँड आणावा लागला नाही. त्यांनी विद्या आणली आणि दुकानावरची पाटी स्वतःचीच ठेवली. राजाच्या गोष्टीपेक्षा ही बाब जास्त मोलाची आहे.

मग राजाचे काय?

प्रचलित गोष्ट अशी : १९१९ मध्ये अफगाणिस्तानचे राजे झहीर शाह भारतात आले असताना पाटणवालांनी त्यांना आपल्या मालाची पेटी भेट दिली. तीत एक बिननावाचे पांढरे क्रीम होते. ते पाहून राजाला आपल्या देशातल्या बर्फाची आठवण झाली आणि त्याच्या परवानगीने क्रीमला नाव मिळाले.

अडचण अशी की झहीर शाह यांचा जन्म १९१४ चा. १९१९ मध्ये ते जेमतेम चार-पाच वर्षांचे होते; गादीवर आले १९३३ मध्ये. १९१९ मध्ये काबूलची सत्ता अमानुल्ला यांच्याकडे होती आणि त्याच वर्षी मे ते ऑगस्ट अफगाणिस्तान ब्रिटिशांशी युद्ध करत होता. त्या वर्षी तिथला सत्ताधीश मुंबईत येऊन नजराणे स्वीकारत असेल, हे पटत नाही. अमानुल्ला मुंबईत आले ते युरोपच्या वाटेवर, डिसेंबर १९२७ मध्ये. भेट झालीच असेल तर तेव्हाची धरणे जास्त सयुक्तिक. मग क्रीमचे वर्ष तरी पुढे सरकते किंवा नाव तरी नंतरचे ठरते.

‘स्नो’ हा शब्दही राजाने दिलेला म्हणता येत नाही. बरोज वेलकम या ब्रिटिश कंपनीचे ‘हेझलिन स्नो’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच बाजारात आले होते. गिऱ्हाइकाला स्नो म्हणजे काय ते माहीत होते. पाटणवालांनी त्याला साहेबाच्या नव्हे, तर शेजारच्या स्वतंत्र देशाचे नाव जोडले. ब्रिटिश अमलातल्या शहरात ही निवड हुशारीची म्हणायला हवी.

स्वदेशी की परदेशी?

याच नावाने पुढे घोटाळा केला. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी मालावर बहिष्कार सुरू झाला तेव्हा अफगाण स्नोही त्यात सापडले. नाव परके, बाटली जर्मन, लेबल जपानी. लोकांचा तरी काय दोष? माल इथलाच असल्याचा खुलासा पाटणवालांनी महात्मा गांधींकडे केला आणि गांधीजींनी तो आपल्या पत्रातून लोकांपुढे मांडला, असे सांगितले जाते.

प्रश्न मात्र खरा होता. देशी काच तेव्हा अगदीच नव्हती असे नाही. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये आणि कराडजवळ ओगल्यांचा १९१६ मध्ये सुरू झाला होता. तरी पाटणवालांची बाटली बाहेरून येत होती. कारखाना, कामगार आणि नफा इथला, पण बाटली-लेबल बाहेरचे, अशा मालाला काय म्हणायचे? मोबाइलच्या जोडणी-कारखान्यांवरून आज होणारा वाद फार वेगळा नाही.

स्वातंत्र्यानंतरही अफगाण स्नोची चलती होती. १९५२ च्या मिस इंडिया स्पर्धेला त्यांचे प्रायोजकत्व होते. त्या वर्षीच्या विजेत्या, नृत्यांगना इंद्राणी रहमान, लाँग बीचला पहिल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत उतरल्या. पुढे बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या जाहिरातींपुढे ही निळी बाटली मागे पडली. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ आल्यावर तर गोरेपणाचा सगळा बाजारच तिकडे वळला. गोरेपणाचे आमिष अफगाण स्नोच्या जाहिरातींतही होते, हेही नोंदवायला हवे.

पनवेल-रसायनीपर्यंतचा धागा

पाटणवालांना सुगंधी रसायनांसाठी युरोपकडे पाहावे लागले. ती इथेच बनवण्याचे काम मराठी माणसांनी अंगावर घेतले. एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ ची. केळकर आणि वझे कुटुंबांनी वाढवलेली ही कंपनी स्वतः क्रीम विकत नाही, इतरांच्या मालाला वास पुरवते. म्हणजे जिवोदाँ पाटणवालांसाठी जे करत होते तेच. मुलुंडच्या वझे महाविद्यालयाला याच कुटुंबातील विनायक गणेश वझे यांचे नाव आहे आणि तिथे सुगंध व प्रसाधननिर्मितीचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही चालतो.

कंपनीचा एक कारखाना रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात वाशिवलीला आहे. कळंबोली सर्कलला सायन-पनवेल महामार्ग, जेएनपीएचा रस्ता आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग एकमेकांना भेटतात. पोलादाच्या ट्रेलरच्या गर्दीत रसायनांची पिंपे वाहणारे टेम्पोही इथून रसायनीकडे जातात. पाटणवालांच्या नावाचा रस्ता मात्र मुंबईत आहे : भायखळा पूर्वेला, राणीच्या बागेजवळचा ई. एस. पाटणवाला मार्ग.