धास्ती उराशी घेऊन उडणारा

एप्रिल १९१७. फ्रान्समधल्या ब्रिटिश ४० व्या स्क्वाड्रनमध्ये एडवर्ड मॅनॉक दाखल झाला. वय तिशीला टेकलेले. बाप शिपाई, म्हणून बालपणाची काही वर्षे हिंदुस्थानात गेलेली. पुढे बापाने घर सोडले आणि पोर लवकर कामाला लागले. तुर्कस्थानात टेलिफोनचे काम करणारा हा माणूस वैमानिक झाला खरा. पण सुरुवातीला तो शत्रूपासून अंतर राखी. सोबत्यांत कुजबुज सुरू झाली, गडी भित्रा दिसतो.

भीती खरीच होती. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना तेव्हा पॅराशूट देत नसत. लाकूड-कापडाचे विमान पेटले की सुटका नाही. जिवंत जळण्यापेक्षा बरे, म्हणून तो पिस्तूल जवळ बाळगी. १९१८ च्या रजेत मित्राच्या घरी तो थरथर कापत रडला होता.

तरीही तो परत गेला. नेमबाजीचा कसून सराव, घाईला फाटा, उंचीवरून हल्ला आणि पडत्या शत्रूमागे खाली न जाणे, ही शिस्त त्याने स्वतः पाळली, नवशिक्यांनाही शिकवली. त्यामुळे कित्येकजण सावधपणे लढायला शिकले.

२६ जुलै १९१८ रोजी एका नवख्याला सोबत घेऊन गेला असता त्याने तोच नियम मोडला. जमिनीवरून गोळीबार झाला आणि विमान पेटून कोसळले. १९१९ मध्ये त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भीतीने त्याला वर्षभर जपले होते. तिचे ऐकायचे राहून गेले, ते एकदाच.