विज्ञानाचार्य जगदीशचंद्र बोस

आमच्या वाचकांपैकी ज्या पालकांनी पूर्वी दुसरबीडकडे शेताच्या बांधावर ट्रान्झिस्टर ठेवून आकाशवाणी ऐकिली असेल, त्यांस त्या पेटीच्या आत काय चालते याचे कुतूहल वाटले असेलच. फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार विद्युल्लहरी धरते, ट्रान्झिस्टर त्यांस बळ देतात; परंतु लहरीवर स्वार झालेला आवाज वेगळा काढितो तो जर्मेनियमचा इवलासा डायोड. वीज एका दिशेने जाऊ द्यावी व उलट दिशेने अडवावी, एवढाच त्याचा गुण. स्फटिकास या कामी प्रथम जुंपणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी येते, त्या जगदीशचंद्रांचे चरित्र आम्ही येथे देत आहो.

त्यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी बंगाल्यात झाला. वडील सरकारी अधिकारी. तरी मुलास त्यांनी आधी मातृभाषेच्या शाळेत घातले. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफों यांनी त्यांस पदार्थविज्ञानाची गोडी लाविली. इंग्लंडात वैद्यकी शिकावयास गेले, पण तापाने जर्जर होऊन तो मार्ग सोडिला व केंब्रिज येथे विज्ञान शिकले.

1885 साली ते प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले, तेव्हा हिंदी माणूस म्हणून त्यांस युरोपीय अध्यापकांहून कमी वेतन देऊ केले. त्यांनी ते घेतलेच नाही. वडिलांचे कर्ज डोईवर असता तीन वर्षे एक पैही न घेता ते शिकवीत राहिले. वर्ग मात्र एक दिवस चुकविला नाही म्हणतात. अखेर सरकार नमले आणि मागील सर्व रक्कम पूर्ण दराने मिळाली. तीतून कर्ज फिटले.

प्रयोगशाळा म्हणावी अशी जागा नव्हती. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिरास हाताशी धरून त्यांनी उपकरणे करविली, आणि 1895 साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलात भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजविली व दारू उडविली. गॅलेना नामक शिशाच्या खनिजास धातूचे टोक टेकवून लहर ओळखण्याची त्यांची युक्ती निराळी. मित्रांच्या आग्रहास्तव 1901 साली तिच्या पेटंटासाठी अर्ज केला. अमेरिकेत ते 1904 साली मिळाले. त्यापासून धन मिळविण्याचा यत्न त्यांनी केला नाही. हा मोठेपणा की व्यवहारातील उणीव, याविषयी आमचे मन अद्याप डळमळते.

1917 साली त्यांनी बोस विज्ञानमंदिर स्थापिले. 23 नोव्हेंबर 1937 रोजी ते निवर्तले. दहा वर्षांनी अमेरिकेत ट्रान्झिस्टर निर्माण झाला. 1954 साली खिशात मावणारा रीजन्सी रेडिओ बाजारात आला. त्यात ट्रान्झिस्टर चार होते, आणि आवाज वेगळा काढावयास एक डायोड.